सगोत्र टायर नकोत

पद्मिनीबाई तिसरीपर्यंत शिकल्या होत्या आणि तेवढ्यावर त्यांचं सगळं भागलं होतं. सासर-माहेरची मिळून अकरा लग्नं त्यांनी जमवली आणि त्यातलं एकही मोडलं नाही. जी मोडायला आली होती ती त्यांनी मोडू दिली नाहीत. त्यामुळे फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मोटारहोमचे सहाच्या सहा टायर बदलायचे ठरलंय आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे कळलं त्या सकाळी त्यांनी चहा निम्मा टाकला.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. मुलगा माधव हवाई दलातून निवृत्त झाला, मोहालीशेजारच्या सेक्टर अडतीसमध्ये स्थिरावला आणि हातात वेळ आला तसं त्यानं हे घर एका कर्नलकडून जुनं विकत घेतलं. आत दोन पलंग, शेगडी आणि उभं राहून वळता येणार नाही एवढा संडास. शेजारच्या बाई रोज सकाळी गोड आवाजात विचारायच्या की लांबच्या सफरीवर कधी निघणार.

निघणार होते इस्लामपूरला. पद्मिनीबाईंच्या धाकट्या बहिणीला, वंदनाला, पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. बाईंनी फोनवर तिला सांगून टाकलं होतं की तुझी गादी नको, तुझी उशी नको, मी माझं घरच घेऊन तुझ्या दारात येते. वंदनानं ते अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं आणि गल्ली हसली होती. आता गल्लीला तोंड मिटायला लावणं एवढंच पद्मिनीबाईंचं या जगात काम उरलं होतं.

आणि नेमका माधव म्हणाला की आई, या वेळी तू घरीच थांब.

तो टायरपाशी उकिडवा बसून समजावत होता. टायरची नक्षी कालच कोरल्यासारखी होती, पण त्याच्या अंगावर चार आकडे उठवलेले होते, चौतीस आणि पंधरा. म्हणजे दोन हजार पंधरा सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला जन्म. अशा गाड्या पळतात कमी आणि उभ्या जास्त राहतात, त्यामुळे टायर झिजत नाही, आतून वाळतो आणि एक दिवस भर रस्त्यात फुटतो. वर कितीही छान दिसो, वय झालं की काढायचा. हे बोलून त्यानं श्वासही घेतला नाही आणि अठराशे किलोमीटर, तीन मुक्काम, मेमधलं ऊन आणि आईचं अठ्ठ्याहत्तरावं वर्ष यांवर आला.

"म्हणजे टायर आणि मी एकाच यादीत," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"आई, तसं नाही."

"मग कसं, ते सांग की."

माधव पुन्हा टायरवरचे आकडे दाखवू लागला. तेव्हा बाईंनीच तोडगा काढला: टायर मी निवडणार, आणि माझ्या निवडीला खोट काढता आली नाही तर मी येणार. सून लीना स्वयंपाकघरातून म्हणाली की कबूल करून टाका. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिलाही याच बाईंनी निवडलं होतं, आणि वाद घालण्यात किती वेळ जातो ते तिला ठाऊक होतं. माधवनं विचार केला, एका दुकानात दमेल आणि परत येईल.

पण बाई दुकानात जाणारच नव्हत्या. स्थळं त्यांच्या दारात येणार होती. मोहालीच्या गुरमीतसिंग टायरवाल्याला त्यांनी स्वतः फोन लावला आणि आपल्या हिंदीत बजावलं, "भाऊसाब, लडकी देखने का है, ऐसा समझो. रविवार को अकरा बजे. उजेडात दिखाओ." गुरमीतसिंगला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण रविवारी अकराला तीन कंपन्यांचे दोन-दोन टायर छोट्या टेम्पोत घालून तो आला, आणि येताना पगडीला इस्त्री करून आला.

लीनानं पोहे केले होते, कारण अशा कामाला पोहे लागतात. टायर भिंतीला टेकवून सतरंजीवर ओळीनं ठेवले. पद्मिनीबाई समोर खुर्ची घेऊन बसल्या. नात आश्लेषा चष्मा विसरलेल्या आजीला आकडे वाचून दाखवायला बसली होती आणि मधूनमधून तोंडावर ओढणी घेत होती.

आधी जन्मतारखा झाल्या. एक टायर दोन वर्षांचा निघाला. बाईंनी विचारलं की इतके दिवस का राहिला, कुणी पसंत केला नाही का. गुरमीतसिंग ओशाळला आणि पंजाबीत आईला म्हणतात तसं म्हणाला की बीजी, गोदामात मागे पडला होता. मागे का पडला, एवढंच बाईंनी विचारलं आणि तो टायर त्याच्या जोडीदारासकट टेम्पोत परत गेला. मग जन्मगाव, म्हणजे कारखाना कुठला. मग त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. गुरमीतसिंगनं एकेक टायर फाटकापर्यंत ढकलत नेला आणि परत आणला. बाईंनी त्यांची चाल पाहिली, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला, वास घेतला आणि पाण्याचा शिंतोडा मारून पाणी कसं ओघळतं तेही पाहिलं. माधव लांब उभा राहून, हे सेक्टरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी घर असल्यासारखा रस्त्याकडे बघत होता.

शेवटी दोन कंपन्या उरल्या. गुरमीतसिंगनं सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाला की दोन्ही उत्तम, कोणतीही एक सांगा, सहाही त्याच कंपनीचे देतो.

"एका घरचे सहा?" पद्मिनीबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "सगोत्र? मला नाही चालायचं."

आश्लेषानं हिंदीत समजावून सांगितलं की दादी एकाच गोत्रात सोयरीक करत नाही. गुरमीतसिंग गंभीर झाला. त्यांच्याकडेही गोत टाळतात, तेव्हा मुद्दा त्याला पटला. अडचण वेगळी होती. त्यानं हात जोडून सांगितलं की बीजी, एका दांड्यावर, म्हणजे एका आसावर, सख्खेच लागतात, नाहीतर एक पळतो, दुसरा अडतो आणि गाडी ओढते. माधवला वाटलं, खोट सापडली.

बाईंनी दोन्ही कंपन्यांचे टायर पुन्हा ठोकून पाहिले. मग म्हणाल्या, "मागचे चार सख्खे भाऊ. पुढचे दोन सख्खे, पण दुसऱ्या घरचे. घरचेच सगळे असले की कुणीतरी खांदा पाडतो. पुढं परका असला म्हणजे नाव राखायला नीट चालतात."

गुरमीतसिंगनं दाढीवरून हात फिरवला, मापं ताडून पाहिली आणि माधवला म्हणाला की एका दांड्यावर एकसारखे असले म्हणजे झालं, बीजी बरोबर आहेत. खोट निघेना.

मग त्यानंच विचारलं की भार किती पडणार. कुठला टायर किती वजन पेलतो ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, आणि भरल्या गाडीचं वजन कळल्याशिवाय तो देणार नव्हता. तेव्हा सामान चढवून घरची चौघंही पिंजौरच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गेली. गाडी सगळ्यांसकट भरली चार हजार पाचशे ऐंशी. कागदावर हद्द होती चार हजार पाचशेची, आणि टायर कितीही तगडे घेतले तरी ती वाढत नाही.

माधवनं नोकरीची तीस वर्षं मालवाहू विमानांत वजनं मांडण्यात काढली होती. हद्दीवर एक किलो झालं तरी त्यानं ब्रिगेडियरसाहेबांना खाली उतरवलं होतं. तो आईकडे बघेना. जास्तीच्या ऐंशी किलोंत वंदनाचा आहेर होता, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पद्मिनीबाई आपणहून उतरल्या. पदर खोचून काट्याच्या खोलीतल्या बाकड्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, मोज.

काटा चार हजार पाचशे चाळीसवर थांबला.

"मी गेले तरी तुमची गाडी बसत नाही," बाई म्हणाल्या. "आता मला चढू दे, आणि तू उतर."

त्या चढल्या. माधव उतरला. काटेवाल्यानं चष्मा पुसून आकडा वाचला: चार हजार चारशे नव्वद.

लीनानं खिडकीबाहेर पाहिलं. आश्लेषानं हळूच म्हटलं, "पापा, गाडी तो मैं चला लूँगी." तिला तीन वर्षं झाली होती लायसन्स मिळून.

माधवनं आकडा पुन्हा वाचला. बेरीज करून पाहिली, वजाबाकी करून पाहिली. मग ज्या आवाजात तो साहेबांना उतरवायचा त्याच आवाजात स्वतःलाच म्हणाला की हद्द म्हणजे हद्द.

पद्मिनीबाईंनी खिडकीची काच खाली केली. फोन लावून गुरमीतसिंगला टायर उद्याच चढवायला सांगितलं, आणि मग मुलाकडे वळल्या.

"अंबाल्याहून रेल्वे धर," त्या म्हणाल्या. "आमच्या आधी एक दिवस पोच. आम्ही आलो की दारात कुणीतरी आपलं माणूस उभं पाहिजे."