डाव्या सीटची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. किती जुनी, असे कुणी विचारले की मी अडखळते. माझे इंजिन एक वय सांगते आणि माझा चेहरा त्याहून दहा-बारा वर्षे मोठे वय सांगतो. दोघांतले खरे कोण, हे मलाही पुष्कळदा कळत नाही. मला बोलायची सवय नाही. सांगताना काही चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म विलायतेतला. दोन दारे, दोनच सीटा, वर कापडी टप आणि वाऱ्याशी शर्यत लावण्यासाठी घडवलेले बसके अंग. त्याच कारखान्यात माझ्या आधी माझ्या थोरल्या बहिणी तयार झाल्या. त्यांना पुढे-मागे चकचकीत स्टीलचे बंपर असत आणि नाकाशी चांदीसारखी जाळी. पुढे तिकडचे कायदे बदलले. माझ्या वेळेपर्यंत त्या बंपरांच्या जागी काळ्या रबराची जाड तोंडे बसवू लागले होते, आणि अंगही जमिनीपासून थोडे उंच केले होते. लोक त्या काळ्या तोंडाला हसत. मला मात्र ते आवडे. कसेही असले तरी ते माझे होते.

बडनेऱ्याच्या वामनरावांनी मला आणले. त्यांची कापसाची जिनिंग होती. दसऱ्याला माझ्या काळ्या नाकावर झेंडूचा हार पडे आणि चाकाखाली लिंबू फुटे. मी स्टेशनाबाहेर उभी राहिले की हमाल डोक्यावरचे ओझे न उतरवताच मला बघत राहत. ते माझे कौतुकाचे दिवस. मग कापसाचे दिवस फिरले. आधी जिनिंगच्या दारातली गाड्यांची रांग आखूड झाली, मग यंत्रांचा आवाज थांबला. मला एका रिकाम्या शेडमध्ये लोटून ठेवले. तिथे उरलीसुरली रुई दिवसभर हवेत तरंगे आणि हळूहळू माझ्यावर बसे. माझा मूळ रंग पिवळा होता, हे पुढे कुणाच्या लक्षातही राहिले नाही.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात अकोल्याचे शफी मिस्त्री मला बघायला आले. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता.

“न्या हिले, शफीभाई,” वामनराव म्हणाले. “जिनिंग बंद, हिचं इंजन बंद, माहे गुडघे बंद. तिघांतलं एक तरी तुमच्या हातानं चालू झालं तं बरं.”

शफी हसले नाहीत. ते माझ्या नाकाकडे टक लावून बघत होते. “हे तोंड काढा लागते,” ते हळूच म्हणाले.

अकोल्यात त्यांच्या गॅरेजमागेच त्यांचे घर. मधल्या अंगणात ताडपत्रीखाली माझी थोरली बहीण पडून होती. लाल रंगाची. तिची उजवी बाजू पूर्ण चेपली होती. शफींचा मुलगा शाकीब तिला लग्नाच्या वरातींसाठी न्यायचा. टप उघडून, फुले लावून, शेजारी नवरदेव बसवून. घरी परतताना गल्लीच्या कोपऱ्यावर तो हॉर्न वाजवायचा, एक लांब आणि दोन आखूड. तो ऐकला की त्याची आई अनवरी तव्यावर भाकर टाकायची. पण गावोगावच्या लग्नांतली धामधूम त्या वर्षांत आटली. जवळच्या वराती मिळेनाशा झाल्या, तसा तो लांबलांबच्या घेऊ लागला. अशीच एकदा डोंगरातल्या धारणीकडची मिळाली. नवरदेवाला उतरवून परतताना घाटातल्या एका वळणावर गाडी उजव्या बाजूने दगडावर आदळली. शाकीब डाव्या सीटवर सापडला. थकून जरा बाजूला सरकून बसावा, तसा.

या गोष्टीला काही वर्षे झाली होती. अनवरीने तेव्हा रडून घेतले होते. पण म्हातारपणी तिची आठवण उसवत गेली, आणि मुलगा गेल्याची आठवणच आधी गळून पडली. रोज संध्याकाळी ती विचारू लागली, “शाकीब आला का?” शाकीबची बायको रुबीना सासूसासऱ्यांजवळच राहिली होती. पहिल्या दिवशी तिने खरे ते सांगितले. अनवरीने आत्ताच बातमी कळावी तसा ऊर बडवून घेतला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न आला. तेव्हा रुबीनाच्या तोंडून निघून गेले, “गाडी बिघडली, अम्मी. ते धारणीले थांबले. सुधारली का येतात.”

मग हेच रोजचे झाले. आपल्या मेलेल्या माणसाबद्दल तिला रोज संध्याकाळी, हसऱ्या तोंडाने, असे सांगावे लागे.

पण गॅरेजवाल्याच्या घरात ही थाप किती दिवस टिकणार? एके दिवशी अनवरी शफींवरच उखडली. “साऱ्या अकोल्याच्या गाड्या सुधारता तुमी, अन् आपल्या पोराची एक गाडी सुधारत नाई? कशाचे मिस्त्री? पाटी काढून टाका ना दारावरची!”

शफींनी उठून अंगणातली ताडपत्री आणखी खाली ओढली.

“गाडी आल्याबिगर मी जेवत नाई,” अनवरी म्हणाली, आणि खरेच तिने ताट सरकवले. रुबीनाने घास भरवला तर ती तोंड मिटून घेई. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. म्हणून शफींनी मला आणले होते. बहीण दुरुस्त होण्यासारखी नव्हती. मला तिच्यासारखे करायचे होते.

माझी काळी तोंडे उपसून त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर टांगली. मित्रांनो, आपले तोंड समोरच्या भिंतीवर टांगलेले आहे आणि ते आपल्याकडे बघते आहे, याची तुम्हाला कल्पना करवेल का? मग माझा पुढचा-मागचा पत्रा कापून नवा जोडला. बंद इंजिन खोलून चालू केले. स्प्रिंगा बदलून मला खाली बसवले. पिवळा रंग खरवडून लाल दिला. आणि ताडपत्रीखालून एकेक वस्तू येऊ लागली. बहिणीचा बंपर, बहिणीची जाळी, तिचे दिवे, तिचा हॉर्न. शेवटी तिची डावी सीट. दोन सीटांपैकी तीच तेवढी साबूत होती.

मी आत्ताच सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मला कुणी बोलून दाखवल्या नाहीत. त्या या वस्तूंबरोबर माझ्यात आल्या.

दिवे बसवून शफींनी पहिल्यांदा बटण दाबले. त्यांना समोरची भिंत दिसली. मला भिंत दिसली नाही. मला सागाची झाडे दिसली, उतार दिसला आणि वळणावरचा चुना लावलेला दगड दिसला. तो जवळ येत होता. शफींनी बटण बंद केले तसा दगड थांबला. पुढच्या वेळी दिवे लागले तेव्हा तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे सरकला.

एका दुपारी शफी माझ्या मागच्या चाकाशी वाकले होते. ऊन एवढे होते की रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. अचानक हॉर्न वाजला. एक लांब, दोन आखूड. रुबीना पिठाच्या हातांनीच धावत आली.

“अब्बा, तुमी वाजवला?”

शफींनी नुसते बोट दाखवले. बॅटरी खाली फरशीवर होती. तिची वायर अजून कशालाच जोडलेली नव्हती.

घरातून अनवरीचा आवाज आला, “गाडी आली वाटते. भाकर टाक वं.”

रुबीना पांढरीफटक पडली. “नाई अम्मी,” ती कशीबशी म्हणाली, “अब्बा टेस्टिंग करून राहिले.”

त्या दिवशी दोघांनी ठरवले की आता उशीर नको. “मी चक्कर मारून दारात आनतो,” शफी म्हणाले. “तिले सांगू, शाकीब बजारात उतरला, उद्या येईन. तू जेवून घे म्हनू.”

“अन् उद्या काय सांगाचं, अब्बा?”

शफींनी बॅटरी उचलली आणि वायर जोडायला घेतली.

दिवस मावळताना त्यांनी मला एकट्याने बाहेर काढले. टप बंद होता. बाजाराला वळसा घालून आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर आलो. हॉर्नसाठी शफींनी अंगठा उचलला, पण दाबण्याआधीच तो वाजला. एक लांब, दोन आखूड.

अनवरी दारात येऊन उभी होती. रुबीनाच्या आधाराने ती पायरी उतरली. तिने माझ्या बंपरवर हात फिरवला, जाळीवर फिरवला, मग दिव्यावर ठेवला. पाठ केलेले वाक्य शफींच्या ओठांवर होते. पण अनवरीने त्यांना विचारलेच नाही. तिने मला विचारले.

“तू तं आली. माहं पोरगं कुठं सोडलं?”

मला तोंड होते, पण ते भिंतीवर होते.

अनवरीने डावे दार उघडले आणि सीटवर पालथा हात ठेवला. “इथं कोन बसलं होतं?”

“कोनी नाई,” शफी म्हणाले. “मी एकलाच होतो.”

“गरम हाय,” ती म्हणाली.

रुबीनाने पुढे होऊन हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. सीट गरम होती. उन्हाने तापते तशी नव्हे. माणूस बराच वेळ बसून नुकताच उठावा, तशी.

अनवरी सावकाश आत जाऊन त्या उबेवर बसली. बराच वेळ ती समोरच्या काचेतून बघत राहिली. त्या काचेतून तिला काय दिसले ते मला माहीत आहे. तो दगड मीही रोज बघत होते.

“रुबीना,” ती शेवटी म्हणाली, “शाकीब नाई ना राहिला?”

रुबीनाने एकदा शफींकडे पाहिले. “नाई, अम्मी.”

या वेळी अनवरीने ऊर बडवला नाही. तिने सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. “रोज सांजेले सांगू सांगू थकली असशीन तू. जाय, दोन ताटं आन. इथंच खाऊ.”

त्या संध्याकाळी सासू-सुना माझ्या दाराशी बसून जेवल्या. शफी हात धुण्याच्या निमित्ताने नळापाशी गेले आणि किती तरी वेळ परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अनवरी सगळे विसरली होती. “शाकीब आला का?” तिने विचारले. पण रुबीना पुन्हा खोटे बोलली नाही. तिने अनवरीला हाताला धरून माझ्यापाशी आणले आणि तिचा हात डाव्या सीटवर ठेवला. दिवसभर गॅरेजच्या सावलीत उभी असूनही ती सीट गरम होती. अनवरी मान डोलावून म्हणाली, “बसून गेला,” आणि जेवायला बसली. रोज असेच चालले. हिवाळ्याच्या शेवटी ती झोपेतच गेली, पोटभर जेवून.

दुखवट्याचे चाळीस दिवस उलटल्यावर रुबीना एकटीच आली आणि सीटवर हात ठेवून उभी राहिली. मग शफींना म्हणाली, “अब्बा, हिचं तोंड हिले परत द्या. लय केलं हिनं आपल्यासाठी.”

शफींनी भिंतीवरची काळी तोंडे उतरवली, पुसली, मला लावून पाहिली. ती बसेनात. कापलेला पत्रा पुन्हा वाढत नाही. त्यांनी ती परत भिंतीवर टांगली, आणि मी आहे तशी राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर खरेच. पण एकाला दुसऱ्यासारखे करण्याआधी दहा वेळा विचार करा. जो कापला जातो त्याचे काही ना काही मागे राहून जाते, आणि ज्याच्या वस्तू त्याला लावल्या जातात तोही सगळा निघून जात नाही.

आणि एवढे एक माझ्यासाठी करा. अकोल्यात कधी त्या गॅरेजवर आलात आणि माझा लाल रंग बघून आत बसायचा मोह झाला, तर आधी डाव्या सीटवर हात ठेवा. ती गार असेल तर खुशाल बसा.

नसेल, तर जरा थांबा. त्याला उठायला थोडा वेळ द्या.