इंजनाची हवा

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक धडधडत्या इंजिनाला आणि मूठ आपल्या कानाला टेकवून, डोळे मिटून उभी असलेली सुनंदाताई आठवली, की आजही माझ्या अंगावर काटा येतो. वर्कशॉपच्या पत्र्यातून उतरलेली फाल्गुनातल्या उन्हाची तिरीप तिच्या कपाळावर थरथरत असायची, हिरव्या बांगड्या कोपराकडे मागे सारलेल्या असायच्या, आणि सभोवतालचा सारा कल्लोळ विसरून ती त्या लोखंडाच्या पोटातली एक सूक्ष्म टकटक ऐकत राहायची. मग डोळे उघडून म्हणायची, "तिसरं नोझल." आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलांपैकी बिघडलेलं तिसरंच निघायचं, हो!

मुरगूडची ही बाई एकेचाळिसाव्या वर्षी आमच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला आली. घरच्या ट्रॅक्टरची नस न् नस तिला लग्नापासून ठाऊक होती. पाहिजे होता तो फक्त शिक्क्याचा कागद. या अभ्यासक्रमाला अर्थशास्त्राची तोंडओळख आणि पायाभूत लेखन असे दोन विषय जोडलेले आहेत, आणि ते दोन्ही माझ्या गळ्यात पडलेले. मी मूळचा अर्थशास्त्राचा मास्तर, त्यात तापट. लेखन शिकवायचं म्हणजे चुका काढायच्या, अशी माझी भाबडी समजूत.

अर्थशास्त्राच्या तासाला तिनं मला सळो की पळो करून सोडलं होतं. मी मागणी-पुरवठ्याचे आलेख काढून घामाघूम व्हावं, आणि तिनं शांतपणे विचारावं, "सर, डिझेल टाकीत हाय पर नोझलला पोचत न्हाय, तर त्याला पुरवठा म्हनायचा का?" वर्ग खो खो हसायचा. मी मात्र घरी पोचेपर्यंत तोच प्रश्न चघळत असायचो.

लेखनात आमचं जमेना. ती बोलायची तशीच लिहायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका म्हणतात तसं तीही स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' म्हणायची, आणि कागदावरही तेच उतरायचं. मी लाल पेनानं 'जाते, येते' करायचो. 'हाय'चं 'आहे', 'न्हाय'चं 'नाही'. तिच्या वहीला गोवर उठल्यासारखं दिसायचं. ती निमूटपणे बघायची, मान हलवायची आणि पुढच्या निबंधात पुन्हा 'मी जातो' लिहायची.

अंतिम परीक्षेत मी प्रश्न घातला होता : तुम्हाला येणाऱ्या एखाद्या कामाची कृती, ते काम न येणाऱ्या माणसाला समजेल अशी लिहा. सुनंदाताईनं उत्तराला मथळा दिला, 'इंजनाची हवा काढणे'. आता कोल्हापुरात हवा काढायची ती टायरची, नाहीतर जास्त मिजास करणाऱ्या माणसाची. मला वाटलं, बाई माझीच फिरकी घेते आहे. डोकं सणकलं. पुढचं अक्षरही न वाचता मी 'विषयांतर' असा शेरा मारला आणि शून्य दिलं. त्या एका शून्यानं ती नापास झाली.

ऊसतोडणीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपनं तिला हेरून ठेवलं होतं. शनिवारपर्यंत प्रमाणपत्र दाखवलं तर नोकरी तिची, नाहीतर दुसऱ्या कुणाची, हे मला कुठं ठाऊक होतं! गुरुवारी भर दुपारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. नोकरीचं सांगितलं, पण रडली नाही, गयावया केली नाही. "उत्तरपत्रिका घिऊन चला सर," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं, की मी उठलोच.

कॉलेजच्या वर्कशॉपात एका स्टँडवर ट्रॅक्टरचं जुनं इंजिन बसवलेलं आहे. तिनं त्याची टाकी कोरडी करून पुन्हा काठोकाठ भरून ठेवली होती. मला किल्ली फिरवायला लावली. इंजिन नुसतं घुरघुरलं, पेटेना. "मी भाईर थांबतो. एक अक्षर बोलनार न्हाय. तुमी वाचा, आन् लिवलंय तसं करा." ती गेलीसुद्धा. 'थांबतो' सुधारायचं मला भानच राहिलं नाही.

आणि मी पहिल्यांदा ते उत्तर वाचलं. 'टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरती. मग नुसतं डिझेल भरून भागत न्हाय. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करायचा. इंजनावरचा हातपंप दाबत राहायचा. आदी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ धार. धार नितळ झाली की एका हातानं पंप दाबतच दुसऱ्या हातानं स्क्रू आवळायचा. घाई करायची न्हाय.'

आयुष्यात ज्यानं सायकलची चेनसुद्धा कधी बसवली नाही, तो मी शर्टाच्या बाह्या सारून एकेक वाक्य वाचत होतो आणि हात चालवत होतो. फेस आला. बुडबुडे आले. अहो, अगदी तिनं लिहिलं होतं त्याच क्रमानं! घाई करावीशी वाटली त्याच क्षणी नजर शेवटच्या ओळीवर गेली आणि मी थांबलो. मग मधाच्या रंगाची नितळ धार पाझरू लागली. स्क्रू आवळला, किल्ली फिरवली, आणि त्या लोखंडानं असा काही हुंकार भरला, की माझ्या तोंडून "नादखुळा!" अशी आरोळीच फुटली. मी, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, डिझेलनं माखलेल्या हातांनी तिथं अक्षरशः नाचलो.

बाहेर कडुनिंबाखाली ती पदरानं वारा घेत उभी होती. इंजिनाचा आवाज तिनं ऐकलाच होता. मिस्कील हसत म्हणाली, "निगाली का हवा?" कुणाची, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तसाच काळ्या हातांनी मी प्राचार्यांकडे गेलो आणि चूक माझी आहे असं लिहून दिलं. पूर्ण गुण दिले. शुक्रवारी संध्याकाळी प्रमाणपत्र तिच्या हातात पडलं, शनिवारी ती कामावर रुजू झाली, आणि त्यानंतर कॉलेजकडे फिरकायला तिला सवड मिळाली नाही. आज ती नांगी टाकलेल्या अजस्र यंत्रांवर चढून त्यांना पुन्हा उसाच्या फडात पाठवते, असं कानावर येतं, आणि मला उगाचच मिरवावंसं वाटतं.

दर वर्षी नव्या तुकडीला मी पहिल्या दिवशी तिच्या उत्तराची प्रत देतो, एकही 'न्हाय' न सुधारता, आणि टाकी कोरडी करून पुन्हा भरलेल्या त्या इंजिनापाशी एकेकाला एकटं सोडतो. इंजिन दर वेळी पेटतं. काळ तिचा चेहरा माझ्या मनातून हळूहळू पुसट करतो आहे, आवाजही पूर्वीइतका लख्ख ऐकू येत नाही. पण ती इथं नसताना तिचे शब्द अनोळखी हातांना धरून काम करून घेतात, आणि माणसाची आठवण राहते म्हणजे तरी दुसरं काय होतं!