सायलेन्सरमधली आवडाबाई

माजिवड्याला काळुरामशेठच्या अंगणात तिसऱ्या गुरुवारीही पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध त्याची पन्नास वर्षांची लाल स्पोर्ट्स कार, दोनच सीटची. बॉनेटवर भगवी शाल, शालीवर त्याच्या बायकोचा, आवडाबाईंचा फोटो. आवडाबाई जाऊन चार महिने झालेले. इंजिन चालू होतं. स्टिअरिंगवर शिष्य प्रफुल्ल डोळे मिटून बसलेला, शेजारी धूम्रनाथ महाराज उभे.

“आत्म्याला कंठ नसतो, भक्तहो. तो अग्नीतून बोलतो, आणि पेट्रोलच्या भावाची त्याला पर्वा नसते. माते, शेवटच्या दिवसांत तुला छळलं कुणी? जावेने, सखुबाईने?”

गाडी घुरघुरत राहिली.

“शेजारच्या रंगूबाईने?”

घुरघुर.

“दर्शनाने?”

फाट्. सायलेन्सरमधून बार निघाला. बायकांनी हात जोडले.

दर्शना ही काळुरामची एकुलती एक लेक. दीड वर्ष आईचं हगणंमुतणं तिने काढलं. काळुरामने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मागच्या दोन्ही गुरुवारी त्याने ‘आवडे, हायस का गं?’ विचारल्यावर गाडीने ओ दिली होती. त्या आवाजावर तो जगत होता.

“पिशवी भर,” तो लेकीला म्हणाला. “माझ्या घरात नको ऱ्हाऊ.”

दर्शना रडली नाही. गर्दीत खोपटचे परशुराम मिस्त्री होते. वीस वर्षं ही गाडी त्यांच्याच हातातली. ती त्यांना म्हणाली, “काका, मी जाते. त्याआधी बॉनेट उघडा.”

“खबरदार,” महाराज म्हणाले. “आत्मा करपेल.”

“रेडिएटरमध्ये पाणी आहे, नाही करपत,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी फोटो आणि शाल बाजूला ठेवून बॉनेट उघडलं. काळुराम वाकला आणि त्याला कुंकवाची रेघ दिसली.

रेघ डिस्ट्रिब्युटरवर होती, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डब्यावर. ‘वहिनी, हा डबा हलला की गाडी बिघडते,’ असं मिस्त्री एकदा बोलले होते. तेव्हापासून आवडाबाई दर दसऱ्याला तेलात कालवलेल्या कुंकवाची एक रेघ ओढायच्या, अर्धी डब्यावर, अर्धी खाली इंजिनावर. हलू नये म्हणून. आता दोन अर्ध्या रेघांमध्ये बोटभर अंतर होतं.

“पहिल्या गुरुवारी, आत्मा बोलवायच्या आधी, गाडीची शुद्धी कोणी केली होती?” मिस्त्रींनी विचारलं.

प्रफुल्लने डोळे उघडले.

“डबा फिरवला की ठिणगी उशिरा पडते,” मिस्त्री म्हणाले. “ पेट्रोल सिलिंडरात पुरतं जळत नाही, सायलेन्सरात जाऊन भडकतं. तेही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की. आत्मा याच्या उजव्या चपलेत आहे.”

मिस्त्रींनी स्कूटरच्या डिकीतून ठिणगीची वेळ तपासायचा टायमिंगचा दिवा आणला. त्याच्या लुकलुकत्या उजेडात फिरत्या पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसली. एका म्हातारीने तिलाही हात जोडले. नट सैल करून त्यांनी डबा हळूहळू फिरवला. खूण ठरलेल्या आकड्यावर आली, आणि कुंकवाची रेघ जुळली.

“काढ पाय,” ते प्रफुल्लला म्हणाले.

बार निघाला नाही.

काळुराम पुढे झाला. “आवडे, हायस का गं?”

इंजिन सरळ चाललं होतं.

“आवडे.”

मिस्त्रींनी डबा परत मागे फिरवला. “वहिनी, छळलं कुणी? धूम्रनाथाने?” प्रफुल्ल दचकला, पाय सुटला. फाट्. अंगण हसत सुटलं. महाराज भगवी शाल तिथेच विसरून फाटकाबाहेर पडले.

काळुराम हसला नाही. दर्शनाच्या हातात पिशवी होती.

“ठेव ती,” तो म्हणाला. “आत ये.”

“नाव गाडीने घेतलं, आबा. हाकललंत तुम्ही.”

ती रिक्षात बसली. त्या घरात आता तो एकटा राहतो.

मेलेलं माणूस बोलत नाही, कितीही हवं असलं तरी. कोणी बोलवून दाखवलं तर आधी बॉनेट उघडून बघा. निदान जिवंत माणसाला घराबाहेर काढण्याआधी तरी.