पाणथळीवरचा पिवळा डोळा

"आली! आली!" असा गलका झाला आणि शे-दीडशे माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. सूर्य केव्हाच बुडाला होता. समोर पाणथळ पसरली होती. कमरेएवढं गवत, त्यावर धुक्याचा थर आणि धुक्याच्या वर, अंधारात, एक ज्योत तरंगत होती. खाली ना खांब, ना घर, ना माणूस.

"ओरडू नका, आत्मे बुजतात!" लाकडी मंचावरून दिवेमहाराज ध्वनिक्षेपकात गरजले. आत्म्यांना ध्वनिक्षेपक चालत होता, हे विशेष.

या पाणथळीत बुडालेल्यांचे आत्मे दिवे घेऊन हिंडतात, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. प्रत्यक्ष पाहिलेला कोणी भेटला नव्हता. भेटायचे ते ज्यांच्या चुलत्याच्या मित्राने पाहिलं होतं असे. दिवेमहाराजांनी इथे मंच बांधला, खुर्च्या मांडल्या आणि बुडालेल्यांबरोबर अंथरुणात मेलेल्यांचीही सोय करून टाकली.

"प्रश्न मनात धरा. ज्योत एक, तर होकार. फुटून दोन झाल्या, तर नकार. विझली, तर आत्मा विचारात पडलाय!"

माझ्या शेजारी मावशी हात जोडून उभी होती. तिची बेकरी आहे. काका जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या बेकरीत मैदा पोचवणाऱ्या टेंपोवाल्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. तेही तिच्यासारखेच एकटे होते. पोती उतरवून झाली तरी त्यांचा चहा संपत नसे आणि मावशीलाही तो संपायला नको असे. पण तिचं एकच टुमणं, "तुझ्या काकांना विचारल्याशिवाय नाही." मी दातांचा डॉक्टर, माणसं तोंड उघडून बसली की आत काय चाललंय ते पाहायची मला खोड. म्हणून सोबत गेलो.

मावशीचं नाव पुकारलं गेलं. समोर ज्योत होती एकच. महाराज मात्र बोलतच राहिले. काकांचा स्वभाव काय, शेवटचं दुखणं काय, असं बरंच काही. तेवढ्यात ज्योत रुंद झाली, फाटली आणि एकीच्या दोन झाल्या.

"नकार! बाई, ते रागावलेत. शांतिविधी करावा लागेल. पुढच्या शनिवारी या."

त्या आठवड्यात मैदा आला तेव्हा मावशी आतच बसून राहिली. बेकरीतल्या पोऱ्याने पोती मोजून घेतली. टेंपोवाले चहा न घेताच गेले.

"मावशी, ते मोटारीचे दिवे असतील गं."

"मग मोटार कुठंय? वर आकाशात? गप बस, डॉक्टर."

मी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी गळ्यात दुर्बीण अडकवून तिच्याबरोबर गेलो.

आमच्या आधी एका माणसाचा प्रश्न होता. मुलीला शिकायला परगावी पाठवू का, असं त्याने आपल्या मेलेल्या वडिलांना विचारलं होतं. ज्योत उगवली, महाराज बोलत राहिले, ज्योती दोन झाल्या. नकार. मुलगी बापाशेजारीच मान खाली घालून बसली होती. मागच्या रांगेतल्या एका जुन्या भक्ताला मात्र ज्योत दिसताक्षणी "होकार!" मिळाला आणि लगेच पुढचा प्रश्न. मी बघत होतो. प्रत्येक ज्योत आधी एक असे, मग दोन होई. होकार द्यायचा असला की महाराजांना घाई. नकार द्यायचा असला की गप्पा.

मावशीची पाळी आली. लांब एक ज्योत उगवली. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. "काकांना जरा जवळून तरी बघ."

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"अरे, यांचा एक डोळा पिवळा आहे!"

"कोणाचा?"

"टेंपोचा! डावा दिवा फुटला तेव्हा दुकानात होता तो पिवळाच बसवला त्यांनी. मैदा घेऊन आले की पहाटे दारात बघते मी तो." तिने फोन काढला, आवाज मोठा केला. "अहो, कुठे आहात?"

"डोंगराच्या उतारावर." पलीकडचा आवाज गांगरला होता. "थांबा, गाडी बाजूला घेतो. हं, बोला. इतक्या दिवसांनी फोन?"

"ते नंतर. दिवे तीनदा बंद-चालू करा."

समोरच्या अंधारात काकांचा आत्मा विझला, पेटला, विझला, पेटला, विझला, पेटला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे माझी आजीसुद्धा टेंपोच?" आणि हशा पिकला.

"धुक्याने आणि अंधाराने पलीकडचा डोंगर झाकलाय," मी उभा राहून सांगितलं. "म्हणून दिवे अधांतरी दिसतात. लांबून दोन दिव्यांचा एक दिसतो, गाडी जवळ आली की दोन होतात, वळणाआड गेली की विझतात. तिथल्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं असंच होणार."

"हे दिवे पूर्वीपासून दिसतात! तेव्हा मोटारी होत्या का?" महाराज कडाडले.

"कंदील होते. आणि तुम्ही स्वतः दर वेळी कुठल्या रस्त्याने येता, महाराज?"

महाराजांनी ध्वनिक्षेपक बंद केला. महाराज त्याच उतारावरून स्वतःच्या गाडीने येत. मुलीचा बाप उठला. "म्हणजे माझ्या पोरीचं शिक्षण मी एका ट्रकला विचारत होतो?" तो मुलीकडे वळला. "चल बेटा, तुझं सामान बांधायचंय." ती त्याच्या पुढे धावली. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या.

फोन अजून चालूच होता. "अहो, झालं का? निघू का मी?"

"निघा," मावशी म्हणाली. "सरळ माझ्याकडे या. माझा होकार आहे."

मग डोंगरावरचे दिवे वेड लागल्यासारखे उघडझाप करू लागले.

गाडीत बसताना मी हळूच विचारलं, "आणि काका?"

"जिवंतपणी त्या माणसाने मला कशालाही नाही म्हटलं नाही रे. मेल्यावर कशाला म्हणेल? हे मला आधीच सुचायला हवं होतं."

मला एवढंच सांगायचं आहे. अंधारात दिवा दिसला तर घाबरू नका, हातही जोडू नका. तो कुठून येतो ते शोधा. गेलेल्या माणसांची आठवण जरूर ठेवा. पण आयुष्याचे निर्णय स्वतःच्या बुद्धीला आणि समोरच्या जिवंत माणसाला विचारून घ्या. ती दोघं उत्तर देतात, आणि उत्तर पटलं नाही तर त्यांच्याशी भांडताही येतं.