विषय क्रमांक सात

खोटं कशाला सांगू, प्रभाग समितीच्या सभांचं इतिवृत्त मी मागच्या सभेच्या फाइलवरून उतरवते. तारीख बदलायची, विषय बदलायचे, सूचक-अनुमोदकांची नावं हजेरीपटातून क्रमाने टाकायची. अकरा वर्षं हेच चाललंय. पुढच्या सभेत सगळे हात वर करतात, "कायम" म्हणतात आणि चहाकडे वळतात.

परवाही इतिवृत्त असंच कायम झालं, आणि प्रेक्षकांच्या बाकावरून मानपाड्याच्या भीमाबाई उठल्या. त्यांच्या चाळीमागच्या संडासाच्या वाटेवर दिवा नाही. अंधारात पडून मनगट मोडलं तेव्हापासून त्या प्रत्येक सभेला येतात, आणि त्यांचा विषय क्रमांक सात प्रत्येक वेळी पुढे ढकलला जातो.

"बाहेर फलकावर वाचलं, दिवा मंजूर झाला," त्या म्हणाल्या. "मग लावताय कधी?"

मी फाइल उघडली. आठव्या विषयाचं, सत्काराचं, "सर्वानुमते मंजूर" मी सातव्यालाही चिकटवलेलं. वर सूचक बाळ केणे, अनुमोदक आनंद गोगटे. गणपतीच्या मंडपावरून हे दोघे चार वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हसू की रडू, कळेना.

"रचना मॅडम, अशी चर्चा झालेली?" सभापती स्वप्नाताईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर दिवा लागला असता. नाही म्हटलं तर भीमाबाई परत अंधारात. पण मला मेलीला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

"नाही मॅडम. माझी चूक. पण आत्ताच सगळ्यांनी ती कायम केलीत."

न वाचताच हात वर केला, हे कबूल कोण करणार? बाळशेठ केणे घसा खाकरत उठले. "चर्चा राहिली असेल तर आता घ्या. मी मांडतो."

गोगटे छताकडे बघत म्हणाले, "माझं अनुमोदन."

एकमेकांकडे बघितलं मात्र नाही हं. मला इतकं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबावा लागला. स्वप्नाताईही कागदाआड गदगदत होत्या. हात सगळ्यांचे वर.

भीमाबाई थेट माझ्या टेबलाशी आल्या. "लिही ताई. माझ्यासमोर लिही."

मी टाइप केलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून शब्दन् शब्द वाचला.

"तारीख कुठंय? दिवा लागायची?"

मी स्वप्नाताईंकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "टाका, पंधरा दिवसांत."

भीमाबाई हलल्या नाहीत. मी पंधरावा दिवस मोजून तारीख टाकली, मगच त्या घरी गेल्या.