सात नंबरच्या प्रेसखालचा तुकडा

भाच्याने ती वस्तू टेबलावर आदळली तशी कपबशी उडाली आणि जमिनीवर फुटली. मिस्त्रीने फुटलेल्या कपाकडे पाहिलंही नाही. त्याची नजर त्या वस्तूवर गेली आणि तिथेच खिळली.

बंद पडलेल्या कारखान्याचं पाडकाम सुरू होऊन महिना झाला होता, आणि भाचा तिथे गॅस कटर चालवत होता. चौतीस वर्षांचा दांडगा गडी, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आपला बाप ज्या शेडमध्ये मेला ती आपल्याच हाताने कापायची, म्हणून त्याने हे काम मागून घेतलं होतं. रोज घरी आल्यावर आईला सांगायचा, आज चार खांब पाडले, आज छताची कैची खाली आणली. ऐकणाऱ्याला वाटावं, वैऱ्याच्या बरगड्या मोडून आलाय. आज सात नंबरच्या प्रेसखालचा खड्डा उपसताना, घट्ट झालेल्या तेलाच्या गाळात त्याला हा तुकडा सापडला होता.

मामा म्हणजे हा मिस्त्री, त्याच कारखान्याच्या टूलरूममधला नावाजलेला कारागीर. लोखंडाचा कसलाही तुकडा दाखवा, तो कुठल्या मशीनचा, कशासाठी केलेला, हे बसल्या जागी सांगणार. म्हणून तर भाचा जेवणाच्या सुट्टीत जेवण सोडून धावत आला होता.

"मामा, हे काय आहे?"

वीतभरही लांबी नाही. एका बाजूला आकड्यासारखी वळलेली दोन टोकं, मधून एक जाड स्क्रू, आणि स्क्रूला बोटांनी फिरवायचं खरबरीत डोकं. सगळ्या अंगाला गंज. मिस्त्रीने चष्मा पुसला, तुकडा उलटसुलट केला आणि म्हणाला की पाइपाचा क्लॅम्प असेल, दे टाकून भंगारात.

साफ खोटं. बायकोशी खोटं बोलला असेल, देवाशीही बोलला असेल, पण लोखंडाबद्दल हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता. त्यामुळे जमलंही नाही. भाच्याने विचारलं, पाइपाच्या क्लॅम्पला एवढा कातीव स्क्रू कोण लावत बसतं? मग तुकडा उचलून तरातरा निघाला. प्रेस अजून जागेवर आहे, तिथेच लावून बघतो म्हणाला.

सात नंबरचा प्रेस दोन बटणांवर चालायचा. डाव्या हाताने एक, उजव्या हाताने दुसरं, दोन्ही एकदम दाबली तरच वरचं दोनशे टन दाबाचं धूड खाली यायचं. दोन्ही हात बटणांवर गुंतले की ते खालच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, सापडत नाहीत, इतका साधा मामला. पण दिवसाला दोन हजार वेळा बटण दाबून दाजींचा डावा खांदा पार आखडला होता. दाजी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, या भाच्याचा बाप. ते मेहुण्याला म्हणाले, डावं बटण दाबून धरेल असं काहीतरी करून दे बाबा.

मेहुण्याने दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या घालवून क्लॅम्प करून दिला. हे नियमात बसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बहिणीचा नवरा मागतोय, आणि काम तर आवडीचं. त्याने कडा घासल्या, स्क्रूला पॉलिश केलं आणि शेवटी हाताची खोड जाईना म्हणून मागच्या बाजूला आपली खूणही ठोकली: दोन ठिपके, मध्ये एक रेघ. टूलरूममधला प्रत्येक जण आपल्या कामावर आपली खूण ठोकायचाच. चोरून केलेल्या कामावर ठोकणारा गाढव मात्र हा एकटाच.

चौथ्या दिवशी डायमध्ये पत्रा अडकला. दाजी तो सोडवायला डावा हात आत घालून वाकले, आणि वाकताना उजव्या हाताचा भार दुसऱ्या बटणावर पडला. प्रेस खाली आला तो डावा हात खांद्यापर्यंत घेऊनच, आणि तळाला जाऊन तसाच रुतला. वर उचलायला वीस मिनिटं लागली. पहिली दहा मिनिटं दाजी ओरडत होते. पुढची दहा मिनिटं कोणीच ओरडत नव्हतं, ती जास्त वाईट होती. प्रेसशी तेव्हा एकटा फोरमन होता, पहारीने चाक उलटं फिरवायला झटत होता, आणि त्याच्या कोपरापर्यंत रक्त होतं. मिस्त्री टूलरूममधून धावत आला आणि, सांगायलाही लाज वाटते, त्याने आधी दाजींचं तोंड पाहिलं नाही. आधी डावं बटण पाहिलं. बटणावर काही नव्हतं.

मग चौकशीत फोरमनने आपल्याच तोंडाने सांगितलं की मशीन सकाळीच दोनदा आपोआप खाली आलं होतं, तरी मीच चालवायला लावलं. झालं. पापाला धनी मिळाला. फोरमनची नोकरी गेली, बहिणीला नवऱ्याच्या जागी पॅकिंगमध्ये नोकरी लागली. आणि मिस्त्रीने फोरमनला गेटबाहेर गाठून पाइप पान्याने त्याचा गुडघा फोडला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या घावाला आतलं हाड कडकडलं तेव्हा मिस्त्रीला बरं वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरावं तसं. फोरमन पोलिसांत गेला नाही. वस्ती त्याला लंगड्या म्हणायला लागली, आणि चार वर्षांच्या भाच्याला त्याच्या दारावर दगड मारायला मामानेच शिकवलं.

अर्ध्या तासाने भाच्याचा फोन आला. तुकडा डाव्या बटणाच्या पेटीवर चपखल बसला होता.

"लंगड्याने बटण बांधून ठेवलं होतं मामा. माल जास्त निघावा म्हणून. आज त्याला सोडत नाही." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

फोरमनची खोली तीन गल्ल्या पलीकडे, सायकलच्या दुकानामागे होती. मिस्त्री चपला न घालताच निघाला. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर बहीण आणि भाचा हेच त्याचं घर. तोंड उघडलं तर ते घर गेलं, आणि मिटून ठेवलं तर भाचा आज एका म्हाताऱ्याचा जीव घेणार. सरळ सांगायचं तर वाटेत त्याने दोनदा पाय हळू केले.

खोलीचं दार बिजागरीतून उखडलं होतं. आत स्टोव्ह कलंडलेला, रॉकेलचा वास आणि सगळीकडे भांडी. भाचा फोरमनच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता, आणि मुठीत तो क्लॅम्प धरून मारत होता. फोरमनचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता, फरशीवर दोन दात पडले होते.

"कोणी बसवलं हे?" भाचा विचारत होता. "बोल. कोणी बसवलं?"

फोरमनचा उघडा डोळा भाच्याच्या खांद्यावरून दाराकडे वळला. त्याने मिस्त्रीला पाहिलं.

"मी," तो म्हणाला.

मूठ पुन्हा खाली आली. गालाचं हाड मोडलं ते दारापर्यंत ऐकू आलं. हा आवाज मिस्त्रीच्या ओळखीचा होता, पण या वेळी त्याला बरं वाटलं नाही.

"थांब," तो म्हणाला. "त्याने नाही. ते मी केलंय."

भाच्याने वळूनही पाहिलं नाही. "मामा, तू बाहेर जा."

"मागच्या बाजूचा गंज खरवड. मग मार कोणाला मारायचं ते."

भाचा धापा टाकत थांबला. त्याने अंगठ्याच्या नखाने तुकडा खरवडला, मग शर्टाला पुसला. दोन ठिपके, मध्ये एक रेघ. त्याच्या हत्यारांच्या पेटीत मामाने करून दिलेल्या प्रत्येक हत्यारावर हीच खूण होती. मिस्त्रीने उरलेलं चार वाक्यांत सांगितलं. दाजींचा खांदा, जेवणाच्या सुट्ट्या, उघडं बटण, आणि तीस वर्षं गप्प बसणं.

भाचा उठला. पहिला ठोसा तोंडावर बसला आणि मिस्त्री भिंतीवर आदळला. दुसरा बरगडीवर बसला, तिथे आत काहीतरी तुटलं. मिस्त्रीने हात वर केले नाहीत. तिसरा बसायच्या आत फोरमनने फरशीवरून सरपटत येऊन भाच्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला.

"बस झालं," तो म्हणाला.

"मग तू कशाला आपल्या अंगावर घेतलंस?" भाच्याचा आवाज फाटला होता. "आम्ही जन्मभर तुझ्या नावाने खडे फोडले."

फोरमन रक्त थुंकला आणि थांबत थांबत बोलला. क्लॅम्प सापडला असता तर चूक तुझ्या बापाची ठरली असती, आणि तुझ्या आईला नोकरी मिळाली नसती. वरची खूण तर सगळा कारखाना ओळखत होता, म्हणजे हाही आत गेला असता. एकाच दिवशी त्या बाईचा नवराही जायचा आणि भाऊही. म्हणून चाक फिरवायच्या आधी क्लॅम्प काढला आणि खड्ड्यात टाकला.

भाच्याच्या हातातून तुकडा गळून पडला. तो बाहेर गेला. गल्लीत तो भिंतीवर मुठी आपटत असल्याचं ऐकू येत होतं.

खोलीत दोघं म्हातारे उरले. मिस्त्रीने फडकं ओलं करून फोरमनच्या तोंडाला लावलं.

"मी गुडघा फोडत होतो तेव्हा तरी सांगायचंस," तो म्हणाला.

"तुला काय सांगायचं?" फोरमन म्हणाला. "तुला ठाऊकच होतं की. मला वाटायचं, आज ना उद्या तू आपणहून येशील."

एवढ्यात भाचा आत आला. त्याच्या मुठी सोलवटल्या होत्या. त्याने फोरमनला दोन्ही हातांवर उचललं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागला. मामाकडे त्याने पाहिलं नाही.

मिस्त्री बरगडी दाबत, भिंतीला धरत घरी आला. बहीण दुपारची झोप काढून उठली होती आणि फुटलेल्या कपाचे तुकडे केरसुणीने गोळा करत होती. भावाचं रक्ताळलेलं तोंड पाहून तिच्या हातातली केरसुणी पडली. काय झालं, कोणी मारलं, लंगड्याने का, असं विचारत तिने त्याला खुर्चीवर बसवलं, आणि त्याचं तोंड पुसायला आपल्या पदराचा शेव पाण्यात भिजवला.

मिस्त्रीने तिचा हात धरून बाजूला केला.

"आधी ऐक, ताई," तो म्हणाला. "मग पुसायचं असेल तर पूस."