कच्ची शिलाई

नाशिकला इंजिनिअरिंग कॉलेजात असताना श्रेयस गायधनीच्या हाती एक घासून गेलेली कॅसेट लागली होती. तिच्यात सत्तरच्या दशकातल्या लंडनच्या पोरांची पंक गाणी होती. या पोरांना धड गाता येत नव्हतं की वाजवता येत नव्हतं. गिटारचे तीन सूर, मागे बेफाम ड्रम आणि बेंबीच्या देठापासून आरडाओरडा, बस्स! श्रेयस ती कॅसेट ऐकून वेडा झाला होता. पण त्याच्या घरी ओरडायची पद्धत नव्हती. कॅसेट माळ्यावर गेली, श्रेयस नोकरीला लागला, लग्न झालं, कतारला आला आणि दोह्यातल्या अल सद्द भागात सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये बायको उल्का आणि लेक गार्गी यांच्यासह नीटनेटका संसार करू लागला.

त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने गिटार विकत घेतली. उल्का म्हणाली, "बरं आहे, ब्लडप्रेशरला चांगलं असतं." मग त्याने दोह्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'सत्तरच्या दशकातली पंक गाणी मराठीत करायची आहेत. आपल्याला काही येत नाही असं ज्याला वाटतं, त्यानेच यावं.' खाली हसरे चेहरे पुष्कळ आले. माणूस मात्र एकच आलं, तसनीम. ती दोह्याजवळच्या अल वक्राच्या एका बालवाडीत शिकवायची. रत्नागिरीला शाळेच्या बँडपथकात साइड ड्रम वाजवला होता, तेवढंच भांडवल. पण काठ्या हातात आल्या की ती असं बडवायची की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं.

जागेचा प्रश्नही तिनेच सोडवला. तिचे मामा जाफर, कोकणातल्या म्हसळ्याकडचे, अल वक्रात गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान चालवायचे. भिंतींना लागून फोमच्या लाद्या आणि रेक्झिनचे गठ्ठे उभे केलेले. आत कितीही गोंगाट करा, बाहेर कुजबुजही जायची नाही. शुक्रवारी दुकान बंद. जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की तिघं तिथे जमायची. जाफरभाई म्हणजे साठीकडे झुकलेला उंच, हडकुळा माणूस. भाचीला सोडायचं म्हणून यायचे आणि शिलाई मशीनवर उरलंसुरलं काम करत बसायचे. श्रेयसला ते "साहेब" म्हणायचे.

गायचं कुणी, तिथे घोडं अडलं होतं. श्रेयसने प्रयत्न केला, पण तो ओरडला तरी शाळेच्या प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा वाटायचा. तसनीम तोंडावर हसायची नाही, एवढंच.

एका शुक्रवारी जाफरभाईंचा फोन वाजत राहिला. खलील नावाचा त्यांच्याच गावचा माणूस आपल्या गाडीच्या सीटसाठी हैराण करत होता. पाचव्यांदा फोन आला तेव्हा जाफरभाईंचा तोल सुटला.

"खलील, सीट झाली नाय! नाय झाली! आज सुट्टी हाय! मना जेवू दे, मना निजू दे, सीट झाली नाय!"

तसनीमला काय वाटलं कोण जाणे, तिने त्या ओरडण्याखाली ठेका धरला. श्रेयसचा हात आपोआप तारांवर गेला. जाफरभाईंनी फोन ठेवला आणि दोघांकडे बघत राहिले.

"परत म्हणा," श्रेयस म्हणाला. त्याच्या अंगावर काटा आला होता. "जाफरभाई, जसंच्या तसं परत म्हणा."

"ह्यो काय गाणा हाय?"

"हेच गाणं आहे. जसं येतं तसंच म्हणायचं. नीटनेटकं केलं की मेलं."

जाफरभाईंनी आधी लाजत, मग दारं-खिडक्या दणाणतील अशा आवाजात म्हटलं. त्या दिवशी बँड झाला. नावही त्यांनीच दिलं. पक्की टीप मारण्याआधी कापड जागेवर धरायला लांब लांब टाके घालतात, त्याला कच्ची शिलाई म्हणतात. "आपला कामपण तसाच हाय," ते म्हणाले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी घामाने पायाला चिकटणाऱ्या सॉक्सवर एक गाणं केलं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी मुलाने फोन न उचलण्यावर. कधीतरी मधेच "साहेब" गळून पडलं आणि श्रेयसचा "श्रेयसभाय" झाला. घरी परतताना गाडीत तो एकटाच मोठ्याने हसायचा. आयुष्यात पहिल्यांदा आपण खरंखुरं काही करतोय असं त्याला वाटत होतं.

मग मराठी मंडळींचं वार्षिक संमेलन आलं. एका शाळेचा हॉल घेतला होता. नाचांच्या आणि भावगीतांच्या मधे पंधरा मिनिटं रिकामी होती. संयोजक विजय कर्वे हे श्रेयसच्या ऑफिसात त्याच्या वरच्या हुद्द्यावर होते. ते म्हणाले, "तुझा काय तो बँड आहे म्हणे, आण की."

तिथून श्रेयसच्या मनात किडा वळवळू लागला. हॉलमध्ये पुण्या-मुंबईची, नाशिकची मंडळी असणार, सगळी ओळखीची. शेवटच्या तालमीला तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "जाफरभाई, स्टेजवर 'नाय'च्या ऐवजी 'नाही' म्हणून बघू या का? लोकांना कळायला सोपं."

जाफरभाईंनी मान डोलावली. "सीट झाली नाही" असं त्यांनी म्हणून पाहिलं. ठेका अडखळला, जीभ अडखळली. पुन्हा प्रयत्न केला. घामाने कपाळ ओलं झालं.

तसनीमने काठ्या खाली ठेवल्या. "सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, जसं येतं तसं?"

"हो, हो. राहू दे," श्रेयस घाईने म्हणाला. "मी आपलं सुचवलं."

संमेलनाच्या दिवशी जाफरभाई कडक इस्त्रीचा नवा पांढरा शर्ट घालून आले. दाढी रंगवली होती. श्रेयसला ती रंगवलेली दाढी बघून कसंसंच झालं, आणि तसं झाल्याबद्दल आणखी कसंसं. साउंडवाला चहाला गेला होता, म्हणून माईकचे आवाज कमी-जास्त करायचा छोटा मिक्सर श्रेयसने आपल्याजवळ खुर्चीवर घेतला होता.

तसनीमने काठ्या आपटून सुरुवात करून दिली. जाफरभाई पहिल्याच ओळीला असे काही सुटले की पुढच्या रांगेतल्या बाई दचकल्या. "खलील, सीट झाली नाय!" हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. "मना जेवू दे, मना निजू दे!" हसणं रांगांमधून पसरत मागपर्यंत गेलं. श्रेयसने मान वर केली नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, हसतायत, माझ्या बँडला हसतायत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये कर्वे काहीतरी बोलणार. त्याचा उजवा हात गिटारवरून निघाला, खुर्चीवरच्या मिक्सरकडे गेला आणि त्याने जाफरभाईंच्या माईकचं बटण शून्यावर फिरवलं.

जाफरभाईंचं तोंड उघडझाप होत राहिलं. आवाज गेलाय हे त्यांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. त्यांनी माईकवर टिचकी मारली, फुंकून पाहिलं. मग माईक बाजूला धरून नुसत्या गळ्याने ओरडू लागले. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. ड्रमपुढे त्यांचं काही चालेना. श्रेयस खाली बघून गिटार वाजवत राहिला. गाणं कसंबसं संपलं. टाळ्या पडल्या, पण त्या चुकार, विचारात पडल्यासारख्या. त्याने पुढची गाणी घेतलीच नाहीत.

पडद्यामागे जाफरभाई त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"माफ करा श्रेयसभाय. वायर माज्या पायाखाली आली असंल. मना सवय नाय ना स्टेजची. तुमच्या लोकांसमोर तुमची इज्जत गेली माज्यामुळं."

सांगायचं असतं तर तो क्षण होता. श्रेयस म्हणाला, "होतं असं कधीकधी. मनावर घेऊ नका." आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. थोपटताना स्वतःचा हात त्याला परका वाटला.

परतताना गाडीत उल्का गप्प होती. मागच्या सीटवरून गार्गीने विचारलं, "बाबा, व्हाय डिड यू टर्न हिम ऑफ?"

"काय? वायर निघाली होती."

"नो, इट वॉजन्ट. आय हॅव द व्हिडिओ."

गार्गीने स्टेजच्या कडेला उभं राहून सगळं टिपलं होतं. घरी पोचल्यावर तिने फोन टेबलावर ठेवला आणि निघून गेली. श्रेयसने तो एकट्याने पाहिला. त्याने स्टेजवरून जे पाहिलंच नव्हतं, ते त्यात होतं. लोक हसत होते हे खरं, पण उभे राहून. मुलं खुर्च्या सोडून पुढे आली होती आणि उड्या मारत होती. एक म्हाताऱ्या आजी डोळे पुसत शेजारणीला टाळी देत होत्या. विजय कर्वे, कडक इस्त्रीचे विजय कर्वे, मूठ उंचावून जाफरभाईंना उत्तर देत होते, "नाय झाली! नाय झाली!" मग फ्रेमच्या कोपऱ्यात एक हात आला, सावकाश, चोरासारखा, आणि बटण फिरलं. मुलं उड्या मारता मारता थांबली.

दुसऱ्या दिवशी गार्गीने दारातून विचारलं, "तसनीमदीदी इज आस्किंग फॉर इट. शुड आय सेंड?"

"आत्ता नको पाठवूस," तो म्हणाला.

"ओके," ती म्हणाली. तिने कारण विचारलं नाही, वादही घातला नाही. चौदा वर्षांच्या पोरीने बापाची लाज झाकायला मुकाट्याने हो म्हणावं, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. ऑफिसात कर्वे भेटले, म्हणाले, "अरे, ते काका काय भन्नाट होते! नेमका माईक गेला." श्रेयस मान डोलावून आपल्या टेबलाकडे वळला.

शुक्रवारी तो अल वक्राला गेला तो गिटार न घेता. मध्ये दोनदा गाडी कडेला घेतली, परत फिरावं म्हणून. दुकानात तसनीम ड्रम पुसत बसली होती. जाफरभाई मशीनवर होते. त्याला बघताच उठले आणि काहीतरी पुढे केलं. माईकची वायर होती. तिला त्यांनी सबंध लांबीभर काळ्या रेक्झिनची खोळ शिवली होती, दुहेरी टीप मारून, टोकांना पट्टे लावून.

"आता पाय पडला तरी निघायची नाय," ते म्हणाले. "ओढून बघा."

श्रेयसने ती हातात घेतली. शिलाई इतकी सरळ होती की त्याला बघवेना.

"जाफरभाई, वायर निघाली नव्हती. तुमचा आवाज मी बंद केला."

तसनीमचा हात थांबला. जाफरभाईंना आधी कळलंच नाही. "म्हणजे? चुकून?"

"चुकून नाही. मुद्दाम."

"का?"

श्रेयसने वाटेत पुष्कळ उत्तरं जुळवली होती. ती सगळी सोडून तो म्हणाला, "लोक हसत होते. मला लाज वाटली."

"माजी?"

खोटं बोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "हो," तो म्हणाला.

जाफरभाई स्टुलावर बसले. मशीनकडे बघत म्हणाले, "मना तर वाटला, लोक खुश हायत."

"होते. खूप खुश होते. मलाच दिसलं नाही."

"मी घरी सांगितला, माज्यामुळं बिघडला. ह्या पोरीला सांगितला, आपल्यासारख्यानं माईक धरू नये." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आज मना गाणा नको. तुमी जावा, साहेब."

तसनीम दारापर्यंत आली. तिचे डोळे लाल होते. "मामूंनी इथे इतक्या वर्षांत ईदशिवाय एकही नवा शर्ट घेतला नव्हता, सर," एवढंच म्हणून तिने दार लावलं.

त्या संध्याकाळी श्रेयसने गार्गीला व्हिडिओ पाठवायला सांगितलं. उल्काला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं. तू कधी बोलतोस ते बघत होते." मंडळींच्या ग्रुपवरही त्याने लिहिलं की माईक बिघडला नव्हता, तो मी बंद केला आणि माझं चुकलं. मग कुणीतरी वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला आणि विषय पुढे सरकला.

पुढचे कितीतरी शुक्रवार तो घरी बसून राहिला. गिटार कपाटामागे गेली. रमजान आला, ईद झाली. मग एक दिवस तसनीमचा मेसेज आला. दोह्याबाहेर अल खोरला कोकणातल्या मंडळींची सहल होती आणि लोकांनी व्हिडिओ पाहून जाफरभाईंना बोलावलं होतं. 'मामू विचारतात गिटारवाले येतील का. मिक्सर माझ्याकडे राहील.'

तो गेला. समुद्रालगतच्या बागेत चटया अंथरल्या होत्या, बिर्याणीची डेग चढली होती, वारा सुटला होता. श्रेयस ड्रमच्या मागे, एका कोपऱ्यात उभा राहिला. जाफरभाईंनी त्याला सलाम केला, नेहमीसारखा, आणि माईक हातात घेतला. मग गायला लागले. इथे कुणाला समजावायचं नव्हतं, सगळ्यांचीच बोली ती. माणसं जेवण सोडून आली, बायका पदरांत, दुपट्ट्यांत तोंडं लपवून हसल्या, आणि खुद्द खलील पुढे येऊन ओरडला, "झाली का नाय माजी सीट?" तेव्हा तर धमाल उडाली. श्रेयसने मान खाली घातली नाही. प्रत्येक हसणारा चेहरा त्याने नीट बघितला. बघताना त्याला त्या हॉलमधली मुलं आठवत होती, उडी अर्धवट राहिलेली.

सामान आवरताना एक वयस्कर गृहस्थ त्याच्याजवळ आले. बहुधा त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून म्हणाले, "बँड तुमचा काय? कमालच केलीत. आमच्या जाफरला कुठून शोधून काढलात?"

चार पावलांवर जाफरभाई वायर गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण हात मंदावला.

"बँड त्यांचा आहे," श्रेयस म्हणाला. "त्यांनी मला पुन्हा येऊ दिलं, एवढंच."

गृहस्थांना त्यातलं काही कळलं नाही. ते हसले आणि डेगकडे निघून गेले. जाफरभाईंनी वायर खाली ठेवली, ॲम्प्लिफायरची एक बाजू धरली आणि दुसरी धरायला श्रेयसकडे बघितलं. दोघांनी मिळून तो गाडीपर्यंत नेला.